सालीखालच्या अळीपर्यंत पोहोचणारे सूत्रकृमी

सूत्रकृमी म्हटले की मुळांवर गाठी आणणारे, पीक खंगवणारे कृमी डोळ्यांसमोर येतात; परंतु स्टायनर्नेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस या प्रजातींतील सूत्रकृमी झाडाला काहीही इजा न करता केवळ कीटकांवर जगतात. फवारलेले औषध जिथे पोहोचत नाही, म्हणजे सालीच्या फटीत, खोडातील भुयारात किंवा मुळांभोवतीच्या मातीत, तिथे हे कृमी स्वतः चालून जातात, आणि फळबागेच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल यातच आहे.

यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात वाढायचे त्या कीटकाच्या, शोधात निघणारा बालकृमी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लांब असतो. तो काहीही खात नाही. आतड्यात मात्र विशिष्ट जिवाणू बाळगून असतो. तोंड, गुदद्वार किंवा श्वसनरंध्रांतून अळीत शिरताच तो हे जिवाणू तिच्या रक्तात सोडतो, आणि त्यांच्या विषाने अळी साधारणपणे दोन दिवसांत मरते. मारण्याचे बरेचसे काम जिवाणूच करतात. कृमी त्यांना आत नेतो आणि पुढे त्यांच्यावरच पोसला जातो. मृत अळीत त्याच्या एक ते तीन पिढ्या वाढतात आणि अन्न संपले की हजारो नवे बालकृमी बाहेर पडतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी लाल होते आणि अंधारात अगदी मंद प्रकाशते, कारण त्याचा सोबती जिवाणू स्वयंप्रकाशी आहे.

लिंबूवर्गीय झाडांत तर याहून विलक्षण गोष्ट आढळली : सोंड्याच्या, म्हणजे लांब सोंडेच्या भुंग्याच्या, अळ्यांनी कुरतडलेली मुळे जी रसायने मातीत सोडतात, त्यांच्याकडे हे सूत्रकृमी ओढले जातात. फ्लोरिडातील संत्रावर्गीय बागांमध्ये मुळे खाणाऱ्या सोंड्याविरुद्ध त्यांचा वापरही झाला आहे.

सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाची अळी सालीखाली कोष विणून हिवाळा काढते. तिच्यासाठी स्टायनर्नेमा फेल्टी ही जाती उपयोगी पडते, कारण ती थंडीतही बऱ्यापैकी सक्रिय राहते. मात्र कृमीला सरकायला पाण्याचा पातळ थर लागतो आणि उन्हातील अतिनील किरण त्याला मारतात. म्हणून खोड आधी भिजवून सायंकाळी फवारणी करावी व साल काही तास ओली ठेवावी. माझ्या मते अपयशाची पुष्कळ उदाहरणे या ओलाव्यापाशीच अडलेली असतात.

मातीत सोडलेले कृमी जिवंत आहेत का, हे पाहणे सोपे आहे : त्या मातीचा नमुना डबीत घेऊन त्यात मेणकिड्याच्या (मधमाशांच्या पोळ्यातील पतंगाच्या) काही अळ्या ठेवाव्यात आणि काही दिवसांनी त्या मेल्या का, त्यांचा रंग बदलला का, ते पाहावे.