घरगुती ई-कचऱ्याचे सामुदायिक संकलन

घरातील वापरातून बाद झालेली, विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी उपकरणे रहिवाशांचे गट, स्वयंसेवी संस्था किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांनी ठरावीक जागी गोळा करून अधिकृत पुनर्चक्रण कारखान्याकडे सोपविण्याची पद्धत.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. विकलेल्या वस्तूची जबाबदारी उत्पादकाने ती बाद होईपर्यंत व त्यानंतरही वाहावी, ही कल्पना टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० च्या सुमारास स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात मांडली; त्यामुळे अग्रमान स्वीडनला दिला जातो. प्रत्यक्ष संकलनाचा निकष लावल्यास मात्र स्वित्झर्लंडची बाजू अधिक सबळ दिसते. तेथे उत्पादक व आयातदार यांच्या संघटनांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच जुनी उपकरणे स्वेच्छेने परत घेण्यास आरंभ केला आणि शासकीय अध्यादेश त्यानंतर, १९९८ मध्ये निघाला. जपानचा कायदा २००१ पासून, तर युरोपीय संघाचा निर्देश २००३ पासून अमलात आला. भारतातील पहिले स्वतंत्र नियम २०११ चे आहेत. भंगार गोळा करणाऱ्यांचा व्यवसाय या सर्वांहून जुना आहे. परंतु त्याच्या लिखित नोंदी विरळ असल्याने तो या चर्चेत सहसा धरला जात नाही.

संकलनाच्या जागी पहिले काम वर्गवारीचे असते आणि पुढील प्रक्रियेचे यशापयश बहुतांशी तेथेच ठरते. लिथियम-आयन बॅटरी दबली किंवा तिला भोक पडले, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन ती पेट घेऊ शकते. म्हणून सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावतात, आणि ज्या मोबाइलची मागची बाजू फुगून पडदा कडेने उचलला गेला आहे, तो इतर मालात न टाकता वेगळा ठेवतात.

जुन्या दूरचित्रवाणी संचाची पिक्चर ट्यूब ही सर्वांत अडचणीची वस्तू होय. तिच्या दर्शनी काचेत बेरियम व स्ट्राँशियम, तर मागील नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत क्ष-किरण अडविण्यासाठी सुमारे २० ते २५ टक्के शिशाचे ऑक्साइड असते. त्यामुळे दोन्ही काचा कापून वेगळ्या कराव्या लागतात आणि दर्शनी काचेच्या आतील चकाकणारी भुकटी शोषून घ्यावी लागते. पूर्वी शिसेयुक्त काच वितळवून नव्या ट्यूबसाठी वापरत. सपाट पडदे आल्यावर ती मागणी संपली आणि या काचेचा निकाल लावणे खर्चिक झाले. आरंभीच्या सपाट पडद्यांतही प्रकाशासाठी पाऱ्याच्या बारीक नळ्या असल्याने ते फोडून चालत नाही. सर्किट बोर्डांवरील जुना डाख कथील व शिशाचा असतो. असे बोर्ड आम्लात बुडविणे किंवा तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळणे ही अनौपचारिक व्यवसायातील सर्वांत घातक कामे समजली जातात.

आर्थिक आकर्षण मुख्यतः मौल्यवान धातूंचे आहे. टनभर मोबाइलमध्ये काहीशे ग्रॅम सोने असते, तर खाणीतील टनभर खनिजात बहुधा काही ग्रॅमच. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी २०१७ ते २०१९ या काळात जपानी नागरिकांकडून जमविलेल्या सुमारे ७९ हजार टन उपकरणांतून अंदाजे ३२ किग्रॅ. सोने मिळाले. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला व त्यातील २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भंगार व्यवसायातून जाणारा बिननोंदीचा माल या टक्केवारीत येत नाही, हे तिचा अर्थ लावताना लक्षात घ्यावे लागते.

मोबाइल व संगणक देण्याची टाळाटाळ पुष्कळदा खाजगी माहितीच्या भीतीने होते, आणि ती निराधार नाही: साध्या फॉरमॅटने हार्ड डिस्कची केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर बव्हंशी तसाच राहतो. यासाठी डिस्क पूर्ण पुनर्लेखित करतात किंवा काढून तिचा चुरा करतात.