बांगडा-तारलीचं पोट हिरवं का निघतं? (गणपतीनंतर मासे मागवणाऱ्या ग्राहकांसाठी)

श्रावण सरला, गणपती गेले की आमचा फोन सकाळपासून वाजायला लागतो. त्यात रोज एक तरी तक्रार ठरलेली: "बांगड्याच्या पोटातून हिरवट चिखल निघाला, मासा शिळा दिलात." मासा ताजाच असतो, फक्त पोट गच्च भरलेलं असताना जाळ्यात आलेला असतो. दर वर्षी तेच समजावून सांगतो, म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

तो चिखल म्हणजे प्लवक, समुद्राच्या पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव. हिरवट-तपकिरी असेल तर त्यात बहुतेक डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय वनस्पती. लालसर असेल तर त्यांच्यावर जगणारे कोपेपॉडसारखे बारीक प्राणी. तारलीचा कल्ला एकदा उघडून बघा. आतल्या कमानीवर कंगव्यासारखे दाट, मऊ केस दिसतील. तोंड उघडून ती पाण्यातून पोहते आणि त्या कंगव्यात प्लवक गाळलं जातं. सुरमईच्या कल्ल्यात असा कंगवा नसतो, मोजकेच आखूड काटे असतात, कारण ती तारलीलाच खाते.

हे प्लवक याच दिवसांत एवढं कुठून येतं? पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो आणि वाऱ्याचाही काही जोर त्याच दिशेने असतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी उजवीकडे वळत जातं. व्हॅगन एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली याचं गणित मांडलं. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला येतो. म्हणजे वरचं पाणी किनारा सोडून खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. मेलेले जीव आणि त्यांची विष्ठा वर्षानुवर्षं खाली जाऊन कुजत असते, त्यामुळे या खालच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका भरपूर असतात. एरवी हे खत अंधारात पडून राहतं. ते उजेडात आलं की डायटम झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्यामागे तारली-बांगड्याचे थवे येतात. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा नेमकी ही जेवणावळ चालू असते. नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात येतो तो मासा खाऊन-पिऊन चरबी धरलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या तारलीची चव म्हणूनच वेगळी लागते. आमच्या मते वर्षातली सर्वांत चांगली तारली हीच.

"मुंबईचाच बांगडा द्या" असं काही जण आग्रहाने सांगतात. मुंबईसमोर उथळ समुद्र ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलाय, खोल पाण्याचा उतार फार लांब. केरळात तो किनाऱ्यापासून बराच जवळ येतो, म्हणून अपवेलिंगचा जोर तिकडे. आपल्या गढूळ, उथळ पाण्याचं वैभव म्हणजे बोंबील, मांदेली, कोळंबी. बांगडा आणि तारली आम्ही मालवण-रत्नागिरीकडून आणि मालपेहून मागवतो, बर्फात, रात्रीच्या गाडीने. हे आम्ही कधी लपवलेलं नाही.

आता ज्या एका चुकीपायी दर वर्षी भांडण होतं ती. मासा मेला तरी त्याच्या पोटातले पाचकरस काम करत राहतात. पोट भरलेलं असलं की ते जास्त असतात, आणि आतलं अन्न संपलं की पोटाची भिंतच पचवायला लागतात. गेल्या सप्टेंबरात परळच्या एका ताईंना सकाळी सातला बांगडे दिले, अख्खे, त्यांच्या सांगण्यावरून. त्यांनी पिशवी तशीच फ्रिजमध्ये ठेवली आणि रात्री आठला उघडली. पोटं फुटलेली, पिशवीच्या तळाशी हिरवं पाणी, मांस हाताला पिठासारखं. सकाळी त्याच बांगड्यांचे डोळे चकचकीत होते आणि कल्ले लालभडक. आम्ही पैसे परत केले, पण मासा फुकट गेला याचं वाईट वाटलं ते वाटलंच.

फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात आणि पाचकरसांना तेवढी ऊब पुरते. तेव्हा मासा घरात आला की अर्ध्या तासात पोट आणि कल्ले काढा, वाहत्या पाण्याखाली आतली काळी पातळ त्वचा बोटाने घासून काढा, मगच फ्रिजमध्ये ठेवा. लगेच जमणार नसेल तर पातेल्यात बर्फाचा थर, त्यावर मासे, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी ओतत राहा. बांगडा आणि तारली उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा उकळूनही जात नाही, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. ओट्यावर ठेवून भाजी आणायला जाऊ नका.

याच कारणाने सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दोन्ही मासे आम्ही साफ करूनच देतो. अख्खे हवे असतील तर ऑर्डर देताना सांगा, पण मग पोट फुटल्याची तक्रार घेणार नाही. साफ करण्याचे वेगळे पैसे नाहीत. वजन मात्र आधीचं धरतो, आणि भरल्या पोटामुळे या दिवसांत घट एरवीपेक्षा जास्त दिसते. साफ केल्यावर उरलेलं वजन पिशवीवर लिहिलेलं असतं, ताडून बघा.

भावाचंही विचारता. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली मिळाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. वारा, प्रवाह आणि पाण्याची ऊब यांत थोडा फरक पडला तरी तारलीचे थवे दुसरीकडे जातात, म्हणून तारलीचा भाव आम्ही आठवड्याचा सांगत नाही, रोज सकाळी सहाला सांगतो. साफ केलेला मासा साडेसातच्या आत हवा असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा, आणि कालवणाला हवेत की तळायला तेही सांगा, तळायच्या बांगड्याला चिरा पाडून देतो.