रोज शट डाऊन, तरी २३ दिवस चालू

आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात फार अडकायला लागला होता. प्रिंट दिली की दोन-दोन मिनिटं काही हलायचं नाही. "रीस्टार्ट करून बघितलंत का?" मी विचारलं. "अहो, मी रोज न चुकता शट डाऊन करूनच घरी जाते, मग रीस्टार्ट वेगळं कशाला?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक केलं. खाली 'अप टाइम' लिहिलेलं असतं, तिथे आकडा होता २३:०४:११:५२. म्हणजे २३ दिवस आणि वर चार तास. रोज संध्याकाळी बंद होणारं मशीन त्याच्या स्वतःच्या हिशेबाने २३ दिवस बंदच झालेलं नव्हतं.

ताई खरं सांगत होत्या आणि आकडाही बरोबर होता. स्लीप आणि शट डाऊन यांतला फरक आपण समजतो तितका सरळ राहिलेला नाही, हे त्यामागचं कारण.

आधी रॅमचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीचं बघू. उघडलेली एक्सेल शीट, ब्राउझरच्या टॅब, अर्धवट लिहिलेली मेल हे सगळं रॅममध्ये असतं. रॅममधली माहिती विजेच्या अगदी सूक्ष्म साठ्यांमध्ये राहते आणि हे साठे गळके असतात. गळका माठ भरलेला ठेवायचा तर वरून पाणी ओतत राहावं लागतं. तसंच साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक साठा पुन्हा भरावा लागतो. स्लीपमध्ये स्क्रीन, प्रोसेसर, डिस्क सगळं थांबतं, पण हे भरणं चालू राहतं. म्हणून बटण दाबताच दोन-तीन सेकंदांत काम होतं तिथून पुढे सुरू. शट डाऊनमध्ये ते भरणंही थांबतं आणि रॅम कोरी होते.

विजेच्या बिलाची काळजी स्लीपच्या बाबतीत करू नये. डेस्कटॉप झोपेत तीन वॅट खातो असं धरलं आणि तो रोज १६ तास झोपला, तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. मशीन झिजतं म्हणतात, त्यातही फारसं तथ्य नाही.

खरा धोका वीज जाण्याचा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे सगळ्यांना पाठ आहे, पण बुधवारी रात्री सेव्ह न केलेली फाईल उघडी ठेवून डेस्कटॉप स्लीपला लावताना ते आठवत नाही. यूपीएस नसेल तर वीज जाताच माठ रिकामा. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, पण बॅटरी संपेपर्यंतच.

स्लीप आणि शट डाऊन या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि मगच मशीन बंद होतं. वीज गेली तरी काम जागच्या जागी. विंडोजच्या मेनूत हा पर्याय बऱ्याचदा दिसत नाही, तो पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावा लागतो. इतकी उपयोगाची गोष्ट लपवून ठेवलीय याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताईंच्या २३ दिवसांचं उत्तर इथेच आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय होती. तेव्हापासून शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम खरोखर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) हायबरनेट होऊन डिस्कवर जातात. सकाळी तीच प्रत पुन्हा रॅममध्ये आणली जाते. प्रिंटरचा ड्रायव्हर सोमवारी बिघडला असेल तर मंगळवारीही तो तसाच बिघडलेला उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र हा जुना गाभा टाकून सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे विंडोजवर रीस्टार्ट हे शट डाऊनपेक्षा जास्त पूर्ण असतं. शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक केलं, तर तेवढ्यापुरतं खरं शट डाऊन होतं.

इकडे स्लीपही बदललीय. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप नसतेच, मॉडर्न स्टँडबाय असतो. मोबाईलची स्क्रीन बंद केली तरी आत मेल येत राहतात, तशातला हा प्रकार. दादरहून पुण्याला येताना मी एकदा झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवला होता. लोणावळ्याला पाण्याची बाटली काढायला हात घातला तर बॅग आतून तापलेली आणि बॅटरी निम्म्याखाली. तेव्हापासून प्रवासाला निघताना मी हायबरनेट किंवा पूर्ण शट डाऊनच करतो. त्याला आणखी एक कारण आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असली तरी स्लीपमध्ये तिची किल्ली रॅममध्येच असते. रॅमची चिप थंड केली तर वीज तोडल्यावरही ती किल्ली काही काळ वाचता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांसोबत २००८ मध्येच दाखवून दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीला, मीटिंगला उठताना बिनधास्त स्लीप करा, पण Ctrl आणि S दाबल्याशिवाय नको. रात्रीसाठी मी हायबरनेट पसंत करतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. रॅम बदलायला मशीन उघडणार असाल तर पूर्ण शट डाऊन करा आणि प्लगही काढा, तिथे दुसरा पर्याय नाही.

ताईंच्या मशीनवर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क होती, त्यामुळे फास्ट स्टार्टअपमुळे वाचणारा वेळ थोडाच होता. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणांच्या सेटिंगमधली त्याची खूण मी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच टास्क मॅनेजर उघडून मला हाक मारली. अप टाइम होता ०:००:१४:०९, आणि तोवर त्यांची तीन व्हाउचर छापूनही झाली होती.