कांदा फुगतो, लसूण पाकळ्या धरते

पौष लागला की वाडीत तोच प्रश्न: "लसणीला पात झकास आलीय, पण गड्डा धरत नाही. युरिया किती मारू?" आणि शेजारून कुणीतरी तेच उत्तर देतं, "कांद्याला घालतोस तेवढाच घाल." मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

कांद्याबद्दल मी काही सांगायला नको. भात निघाल्यावर त्याच खाचरात पांढरा कांदा घेऊन त्याच्या माळा विणणाऱ्या अलिबागकरांना तर मुळीच नको. कांदा रोपानं लावतात, लसूण पाकळीनं. कांद्याची पात पोकळ नळी, लसणीची चपटी. इतपत फरक पोरालाही कळतो.

खरी गोम विळीवर कळते. कांदा आडवा चिरा. एकात एक बसलेली कडी दिसतील. ती म्हणजे पातीचेच खालचे बुडखे, साठा भरून जाड झालेले. कांदा म्हणजे पानंच. लसणीचा गड्डा चिरलात तर पानांचं काय झालेलं दिसतं? सुकून कागदासारखी पांढरी टरफलं झालीत, जी आपण फुंकर मारून उडवतो. आपण खातो त्या पाकळ्या पानांच्या बगलेत आलेले डोळे आहेत. प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र रोप. एखादी पाकळी उभी चिरून बघा, मधोमध हिरवट कोंब सापडेल.

म्हणजे कांद्याला एकच काम, फुगणं. लसणीला दोन. आधी डोळे धरणं, मग ते भरणं. खत दुसऱ्या कामाला उपयोगी पडतं. पहिलं काम मुख्यतः थंडी आणि दिवसाची लांबी यांच्यावर चालतं. डोळेच धरले नाहीत तर मधला एकुलता कोंब गोल फुगतो आणि हातात येते एकपाकळी लसूण. मग लोक म्हणतात, खत कमी पडलं. खत कशाला, थंडी कमी पडली! किंवा लावलेली पाकळीच किडकिडीत होती.

गंमत म्हणजे हीच थंडी कांद्याला नको असते. मोठ्या झालेल्या रोपाला ती लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात. एकाला बाधते तेच दुसरीला लागतं, आणि आपण दोघांना एकाच मापानं खत घालतो.

आपल्याकडे समुद्रालगत जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा 15 अंशांच्या वरच. घाटावर रात्री 10-12 पर्यंत उतरतात, म्हणून तिकडे लसूण सहज होते. यावर मी करतो ते असं: बियाण्याचे गड्डे न फोडता कागदी पिशवीत घालून महिनाभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो, बर्फाच्या खणात नव्हे. पाऊस सरला की ऑक्टोबरअखेर लावतो, पाकळ्या त्याच दिवशी सुट्या करून. जात गोदावरी, श्वेता किंवा भीमा पर्पल. मोठ्या पाकळ्यांना भुलून ‘अॅग्रीफाउंड पार्वती’सारखी डोंगरी जात आणू नका, तिला उत्तरेकडचा लांब दिवस लागतो.

आता खत. नत्र नको असं मी म्हणत नाही. डोळे धरायच्या आधी पात भरपूर हवी, कारण पुढे पाकळ्या भरणार त्या पातीच्याच जोरावर. गुंठ्याला 1 किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. म्हणजे युरिया सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, म्युरेट ऑफ पोटॅश पाऊण किलोच्या जरा वर. निम्मा युरिया आणि बाकी सगळं लावताना. उरलेला युरिया दोन हप्त्यांत, दीड महिन्याच्या आत. नंतर हात आखडायचा. उशिरा नत्र पडलं की कोवळ्या पाकळ्यांना शेतातच नवी पात फुटते, गड्डा फाटतो, मान जाड राहते आणि माळ्यावर टांगलेली लसूण पावसाळा बघत नाही.

डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताचा मला तिटकारा आहे. त्यात गंधक नाही, सुपरमध्ये 11-12 टक्के असतं. लसूण ठेचल्यावर नाकात जातो तो झणका गंधकाचाच. अमोनियम सल्फेटमध्येही गंधक भरपूर आहे, पण आपली जांभ्याची माती आधीच आंबट, ते तिला आणखी आंबट करतं.

इतकं करूनही गड्डे सुपारीएवढेच आले तर? दुसरा वाफा मी मुद्दाम पातीसाठीच ठेवतो. तिथे खुशाल युरिया घाला, फ्रीजही नको, दर पंधरवड्याला कापा. ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि ही पात पाट्यावर वाटून तांदळाच्या भाकरीबरोबर. बाजारातून आणलेल्या लसणीची चटणी आमच्याकडे त्या दिवसांत कुणी मागत नाही.