लादाईनीतली शांती कुठून आली

मे महिना आला की गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या खुरसाला, म्हणजे क्रॉसला, चुना बसतो, पताका लागतात आणि एका संध्याकाळी लादाईन असते, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची, एकेक नावं घेत गायलेली प्रार्थना. एक व्हायोलिन, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या, दोन-तीन पट्ट्यांत म्हटलेलं लॅटिन जे आता निम्मं गावठी झालंय, आणि शेवटी कागदात उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या, मोठ्यांना फेणीचा घोट. मी हिंदू घरातला पण लहानपणापासून चण्यांसाठी जातो, खोटं कशाला बोलू. त्यात एक ओळ येते ‘रेजीना पासिस’, आणि सगळे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात. शेजारच्या आंटीला अर्थ विचारला तर म्हणाली, शांतीची राणी, आमच्यासाठी माग. मला वाटायचं हे सगळं पोर्तुगीज आले तेव्हाचं जुनंपुराणं असणार, पण ही ओळ 1917 ची निघाली. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मारियेच्या लितानीत, म्हणजे ह्याच लादाईनीत, ती घातली. म्हणजे युरोपात तोफा चालू होत्या म्हणून आमच्या वाड्यावर शांती मागायला लागले!

मूळ शब्द मात्र खूपच जुना. बायबलातल्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू दारं लावून बसलेल्या घाबरलेल्या शिष्यांमध्ये येऊन उभा राहतो आणि पहिलं काय म्हणतो, तर तुम्हांला शांती असो. त्यामागे हिब्रूतला शालोम आहे, आणि शालोम म्हणजे नुसतं भांडण नसणं नाही, सगळं नीट असणं, पुरं असणं, आपण ‘सगळं बरं आहे ना’ विचारतो त्यातलं बरं.

पण गोव्यात हा शब्द शांततेत आला नाही, आणि ते झाकायचं असेल तर पार्श्वभूमी लिहूच नये. 1510 ला गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकर्क, 1542 ला धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर, आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली 1774 ते 1778 अशी चार वर्षं सोडली तर थेट 1812 पर्यंत. देवळं पडली, लोक रातोरात देव घेऊन नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती ह्याच काळात. शिव आणि विष्णूच्या भांडणात मध्ये पडून समेट करणारी म्हणून जिचं नाव शांता, तिलाच गाव सोडावं लागलं. कुंकळ्ळीत 1583 ला पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि मग पोर्तुगीजांनी बोलणी करायला बोलावून गावच्या गांवकरांना, म्हणजे प्रमुखांना, मारलं. दोन्ही बाजूंना रक्त आहे.

दक्षिण गोव्यातल्या ह्याच साष्टी भागात, कुंकळ्ळीपासून फार लांब नाही अशा रायतूरात, फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट बसून मराठीत ओव्या लिहीत होता. 1579 ला गोव्यात आला, 1619 ला इथेच गेला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती आणि त्यांची तक्रार अशी की आता आम्ही वाचायचं काय. म्हणून क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांत येशूची कथा, जवळजवळ अकरा हजार ओव्या, 1616 ला छापलं, तेही रोमन लिपीत. पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. मला यातली गंमत वाटते ती अशी की स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो, ज्या लोकांना ऐकायचं त्यांच्या कानाला सवय असलेला शब्द. धर्म बदलला तरी ओवी तीच राहिली, आणि माझ्या मते ज्यांचं सगळंच हिरावलं होतं त्यांना थोडा धीर मिळाला असेल तर तो ओवीतून.

दुसरं नाव गोव्याचेच पाद्री जुझे वाझ यांचं. 1651 चा जन्म, बाणावलीचा, घर सांकवाळला. 1687 मध्ये हा मजुराच्या वेषात श्रीलंकेत घुसला कारण तिथल्या किनाऱ्यावर डच राज्य होतं आणि कॅथलिक पाद्रींना बंदी. सैन्य नाही, फर्मान नाही. आतल्या भागात बौद्ध राजाच्या कँडीत हेर समजून कैद केलं. पुढे 1697 ला देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळायला लागले तेव्हा हा त्यांची शुश्रूषा करत राहिला आणि मग बौद्ध राजाने त्याला मोकळीक दिली. इन्क्विझिशनच्या गोव्यातूनच हा माणूस गेला हे विसरू नये. 2015 ला संत झाला.

चर्चमध्ये माणसं शेजाऱ्याकडे वळून शांती देतात तेही वाटतं तेवढं जुनं नाही. लॅटिन मिसेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ते बहुतेक वेदीजवळच्या पाद्रींपुरतंच असायचं, मागे बसलेल्या लोकांपर्यंत पोचायचंच नाही. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1965 ला संपली, लॅटिन जाऊन कोंकणी आली, आणि 1969 ला रोमने भारतातल्या चर्चला बारा बदलांची परवानगी दिली, त्यात शांती देताना हात जोडणं होतं. म्हणून आज मिसेत नमस्कार दिसतो. माझ्यासारखा लग्नाच्या मिसेला गेलेला माणूस तेवढ्या एकाच वेळी गोंधळत नाही, बाकी कधी उठायचं कधी बसायचं काही कळत नाही.

आणि घरातली शांती म्हणजे संध्याकाळचं तेर्स, जपमाळेची प्रार्थना. ते संपलं की मुलं एकेका मोठ्यापुढे जाऊन बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद. दिवसभर ज्या काकाशी भांडलोय त्याच्यापुढेही जायलाच लागतं, सुटका नाही.

म्हापशाचं मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे चमत्कार करणाऱ्या मारियेचं, फेस्त (सण) तर सगळ्यांना माहीत आहे, इस्टरनंतरचा तिसरा सोमवार. गोव्यातल्या सात बहीण-देवींतली मिराबाय म्हणजे ही सायबीण आणि शिरगावची लईराई तिची बहीण, अशी लोककथा. त्या दिवशी हिंदू बायका तेलाची बाटली घेऊन ख्रिस्ती बायकांबरोबर एकाच रांगेत असतात. गेल्या खेपेला माझ्या पुढच्या मावशीने तेल ओतलं, कपाळाला लावलं, उरलेलं माझ्या हातावर पुसलं आणि म्हणाली, घे बाबा, आज उपास आहे माझा, मला लौकर सोड पुढे.