लाल मणी आणि मार्चचं अप्रेजल

मार्च-एप्रिल आला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये एकच विषय असतो: रेटिंग काय मिळालं? जिथे ‘बेल कर्व्ह’ (बहुतेकांना मधलं, मोजक्यांना वरचं किंवा तळाचं रेटिंग ठरलेल्या कोट्याने वाटायची पद्धत) अजून चालतो, तिथे टीममधल्या दहाही जणांनी मान मोडून काम केलं तरी एखाद्याला तळाला बसवावंच लागतं. मॅनेजर हात वर करतो, ‘वरून कोटाच तसा आलाय.’

या कोट्यामागे काहीतरी गणित असणार, असं आपण धरून चालतो. पण संख्याशास्त्रच त्याच्या विरोधात उभं आहे.

विल्यम एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ. 1950 मध्ये त्यांनी जपानच्या इंजिनिअरांना आणि कारखानदारांना गुणवत्ता नियंत्रण शिकवलं. आपल्या शिबिरांत ते एक प्रयोग करायचे. पेटीत हजारो मणी, त्यातले 20 टक्के लाल, बाकी पांढरे. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ निवडायचे. प्रत्येकाने 50 खळगे असलेली फळी पेटीत बुडवून 50 मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग स्वतः मुकादम व्हायचे: कमी लाल आले की शाबासकी, जास्त आले की सगळ्यांसमोर खरडपट्टी. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत कालच्या हिरोच्याच फळीवर लाल मण्यांची गर्दी व्हायची. शेवटी वाईट कामगार घरी पाठवून चांगल्यांवर कारखाना चालवला, तरी उत्पादन होतं तसंच!

हिशेब सोपा आहे. सरासरी 10 लाल मणी येणार आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, साधारण 2.8. सरासरीच्या दोन्ही बाजूंना अशी तीन मापं धरली, तर 2 पासून 18 पर्यंत कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. सहा जणांत कुणीतरी शेवटचा असणारच, पण त्या शेवटच्या नंबरात त्याचा दोष तसूभरही नाही. लाल मणी पेटीत भरले कुणी, हा प्रश्न मात्र मुकादम कधीच विचारत नाही.

ऑफिसात कौशल्यात फरक असतोच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नैसर्गिक घंटाकृती वक्र (हाच ‘बेल कर्व्ह’) दिसायला मोठा आणि न निवडलेला समूह लागतो. मुलाखतींच्या चाळणीतून आलेल्या दहा जणांवर तो लादणं म्हणजे मोजमाप नव्हे, सक्ती आहे. त्यात मोजणारा माणूसही निर्दोष नाही. 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 4,492 व्यवस्थापकांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्या लोकांनी दिलेले गुण तपासले गेले. गुणांमधला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे पडला होता. कामगिरीचा वाटा फार तर पाव. आपलं रेटिंग म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या साहेबाचं वर्णन असतं, असं म्हणायला हरकत नाही.

कोट्याने रेटिंग वाटायची पद्धत गाजली ती जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांच्यामुळे: वरचे 20 टक्के, मधले 70, तळाचे 10. तळाच्यांना निरोप. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये असली सक्तीची क्रमवारी बंद केली. अ‍ॅडोबीने वार्षिक मूल्यमापन त्याच्या एक वर्ष आधीच सोडलं होतं.

पण रेटिंग बंद झालं म्हणजे सुधारणा झाली, असं मला वाटत नाही. पगारवाढीची ठरलेली रक्कम शेवटी वाटायचीच असते. मग क्रमवारी बंद दाराआड लागते आणि कर्मचाऱ्याला वादही घालता येत नाही. त्यापेक्षा डेमिंग यांची रीत पाळायला अवघड असली तरी प्रामाणिक आहे. आकडे काही महिने मांडत राहायचे. जो सातत्याने योगायोगाच्या मर्यादेच्या (मण्यांच्या खेळात 2 ते 18) बाहेर दिसेल, वर किंवा खाली, त्याच्याशी वेगळं बोलायचं. मर्यादेच्या आतल्यांचे नंबर लावायचेच नाहीत. तो वाचलेला वेळ अर्धवट आलेल्या रिक्वायरमेंट, रखडलेली मंजुरी आणि बंद पडणारा सर्व्हर यांच्यावर घालवायचा, कारण लाल मणी तिथून येतात आणि ते काढणं मॅनेजरच्याच हातात असतं.