वार पडल्यानंतरचा तास

सोलापूरच्या पूर्व भागात बाळंतपण करणाऱ्या बाईला तीन नावं होती. मराठी घरात ती सुईण, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात मंत्रसानी आणि कन्नड घरात सूलगित्ती. कुणालाही जवळ न घेता मुद्दाम एकटीनं बाळंत होण्याला मात्र या तिन्ही भाषांत वेगळा शब्द मी कधी ऐकला नाही. तो प्रकार आता ‘फ्री बर्थ’ या नावानं मोबाइलवरून घरात आलाय.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली एक मुलगी, सातवा महिना लागलेली, संध्याकाळी गच्चीवर भेटली. म्हणाली, “काकू, मी घरीच करणार. डॉक्टर नको, नर्स नको, आम्ही दोघंच. शरीराला सगळं कळतं की ओ.” वेडगळपणा म्हणून तिला उडवून लावणं सोपं होतं. पण तिच्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण मला ठाऊक होतं. कळा देताना तिच्यावर खेकसलं गेलं, टाके कशासाठी घातले ते सांगितलं नाही, आईला दाराबाहेर बसवून ठेवलं. हे बघितलेली मुलगी दवाखान्याला घाबरली तर चूक तिची नाही.

दवाखान्याची भीती इतिहासातही निराधार नव्हती. १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात दोन प्रसूती विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणं करत, तिथे शंभरातल्या अकराहून जास्त बायका दगावल्या. सुईणींच्या विभागात तीनपेक्षा कमी. शहरातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं, पहिल्या विभागात जायला नको म्हणून त्या गयावया करत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. आजचा प्रश्न जंतूंपेक्षा चाकूचा जास्त आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगीत ४७.४. एवढी तफावत बायकांच्या शरीरांमुळे पडत नसते.

म्हणजे दवाखान्याबद्दलचा तिचा राग मला मान्य. “शरीराला सगळं कळतं” हे वाक्य मात्र तपासून बघायला हवं.

माणसाचं बाळंतपण अवघड का, याचं उत्तर हाडांत आहे. आपल्या ओटीपोटातला हाडांचा मार्ग वरच्या तोंडाशी आडवा रुंद असतो, खाली आल्यावर पुढून मागे रुंद होतो. त्यामुळे बाळाला वाटेत वळावं लागतं, आणि बहुतेक बाळं आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येतात. माकडाचं पिल्लू साधारणपणे आईकडे तोंड करून येतं, म्हणून ती हात घालून त्याला वर ओढते, नाकातोंडातला चिकटा पुसते. बाईनं स्वतः तसं ओढलं तर बाळाची मान उलट्या बाजूला वाकेल. वेंडा ट्रेव्हथन आणि कॅरन रोझेनबर्ग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात की बाळंतपणाला दुसरं माणूस जवळ असणं ही मानवजातीची फार जुनी सवय आहे. २०११ मध्ये जपानी संशोधकांना चिंपांझींची पिल्लंही मागे तोंड करून जन्मताना दिसली, तेव्हा माणूस आणि माकडातली ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. पण आपल्या पुरतं बोलायचं तर मदतनिसाचा हात दवाखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. कर्नाटकातल्या पावगड तालुक्यातल्या नरसम्मांना तर लोक ‘सूलगित्ती नरसम्मा’ म्हणूनच ओळखत. त्यांनी पंधरा हजारांवर बाळंतपणं केली असं सांगतात, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकटीचं बाळंतपण म्हणजे जुन्या रीतीकडे परत जाणं, हे म्हणूनच खरं नाही. जुनी रीत सुईणीची होती.

आता मूळ मुद्दा. बाळंतपण म्हटलं की डोळ्यासमोर कळा येतात, ओरडणं येतं, बाळाचं डोकं दिसण्याचा क्षण येतो. बाईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो त्यानंतर. बाळ रडलंय, सगळे हसतायत, फोटो काढले जातायत, तेव्हा.

नऊ महिने भरले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलीलिटर रक्त वाहत असतं. म्हणजे दर मिनिटाला एक लहान तांब्या. हे रक्त वारेला, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवाला, जातं. बाळ झाल्यावर वार भिंतीपासून सुटते, आणि तिच्या जागी ताटलीएवढी उघडी जखम उरते, तोंडं मोकळी असलेल्या रक्तवाहिन्यांची. एवढी मोठी जखम शरीराच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला झाली असती तर माणूस वाचला नसता. इथे वाचतो, कारण गर्भाशयाचे स्नायू विणलेले आहेत. सोलापूरकराला हे लवकर समजेल. ताणा एका दिशेनं आणि बाणा दुसऱ्या, तसे हे धागे एकमेकांना छेद देत जातात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधल्या फटींतून येतात. बाळ बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळतं, वीण घट्ट होते आणि प्रत्येक वाहिनीला आपोआप फास बसतो. प्रसूतिशास्त्रात याला जिवंत गाठी म्हणतात. ही यंत्रणा बहुतेकींच्या बाबतीत चोख चालते, म्हणूनच आपल्या आज्या-पणज्या घरी बाळंत होऊन टिकल्या. ज्या टिकल्या नाहीत, त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी आजी उरली नाही.

गाठी बसल्या नाहीत तर? फार वेळ कळा देऊन थकलेला स्नायू, जुळ्यांमुळे ताणलेला स्नायू, तुंबलेली लघवी, आत राहिलेला वारेचा तुकडा, कारण काहीही असेल, गर्भाशय ढिलं राहतं. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात दहापैकी साधारण सात वेळा हेच घडलेलं असतं. आणि यातल्या कितीतरी बायकांना आधीपासून कसलाच धोका दिसत नसतो. तपासण्या चांगल्या, वय चांगलं, पहिलं बाळंतपण सुरळीत. “माझी केस लो-रिस्क आहे” हे वाक्य वार पडेपर्यंतच खरं असतं.

अतिरक्तस्राव म्हणजे ढोबळमानानं ५०० मिलीलिटरच्या वर रक्त जाणं. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलचं कौतुक आपण पाणी शोषण्यासाठी करतो. तोच टॉवेल बाळंतिणीखाली असला तर बघणाऱ्याची फसगत करतो. त्यात तरुण बाईचं शरीर बराच वेळ रक्तदाब सावरून धरतं, मग एकदम सोडतं. ती शांत पडते, फिकी दिसते, आणि घरातले म्हणतात, दमलीय बिचारी, झोपू द्या. उपचार न मिळाल्यास अशा रक्तस्रावातून मृत्यू यायला साधारण दोन तास लागतात, असा अंदाज मातृमृत्यूंच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरला जातो. अडलेल्या बाळंतपणात दिवस मिळतात. इथे तासच मिळतात, त्यातला पहिला लक्षात येण्यात जातो.

२०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला एक शिक्षिका यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून नवऱ्याच्या मदतीनं घरी बाळंत झाली. बाळ नीट जन्मलं. ती अतिरक्तस्रावानं गेली.

यावरचा उपाय इतका साधा आहे की राग यावा. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात, गर्भाशय आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं एक इंजेक्शन. पण हे औषध २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. कपाटात ठेवलेल्या कुपीतल्या औषधाचा जोर तेव्हा कमी झालेला असू शकतो. शिवाय हेच इंजेक्शन बाळ जन्मायच्या आधी, ‘कळा वाढवायला’ म्हणून कुणी अंदाजानं टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. एकच औषध, काही मिनिटांच्या फरकानं तारक किंवा मारक. ते कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतोच.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या दवाखान्यांत दोन लाखांवर बाळंतपणांवर झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची झोळी ठेवायची, रक्त ठरावीक रेघेला पोचलं की पोट चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. यात नवं औषध एकही नव्हतं. मोजणारं माणूस शुद्धीवर आणि जवळ होतं, एवढंच. जिचं रक्त जातंय तिनं स्वतः ते मोजावं, ही अपेक्षा कशी करायची?

घर आणि एकटेपणा या दोन गोष्टींची गल्लत होते ती इथे. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांवर बायकांचा अभ्यास २०११ मध्ये आला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांना प्रशिक्षित मिडवाइफसोबत घरी बाळंत होण्यात बाळासाठी वाढीव धोका दिसला नाही. पहिलटकरणींत मात्र बाळावर गंभीर परिणाम होण्याचं प्रमाण हजारी ५.३ वरून ९.३ झालं, आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. म्हणजे तिथल्या घरगुती बाळंतपणातसुद्धा पिशवीत औषधं घेतलेली मिडवाइफ आणि गरज पडली तर दवाखान्यात हलवायची सोय असते. दुसरं टोक अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दिसलं. तिथला एक धार्मिक पंथ वैद्यकीय मदत पूर्ण नाकारायचा. खाऊन-पिऊन सुखी, शिकलेली माणसं. १९७५ ते १९८२ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्यातलं मातामृत्यूचं प्रमाण राज्यातल्या इतरांच्या जवळपास शंभरपट निघालं, जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचं सुमारे तिप्पट. समूह लहान होता, त्यामुळे शंभर हा आकडा ताणून धरू नये. पण चांगला आहार आणि श्रद्धा पुरेशी पडत नाही, एवढं त्यातून दिसतंच.

आपल्याकडे तर रक्तच आधी कमी. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवती ॲनिमिक निघाल्या. भरलेल्या रांजणातून अर्धा लिटर जाणं वेगळं आणि अर्ध्या रांजणातून वेगळं.

गच्चीवरच्या मुलीनं पुढे विचारलं, की निदान तपासण्या तरी टाळता येतील ना, बीपीचं मशीन घरी आहे. आहे तर चांगलंच आहे. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून वर आकडा दिसला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं तर दवाखान्यात जायला थांबायचं नाही. ही झटक्यांची पूर्वसूचना असू शकते. पण वार खाली सरकून वाट अडवून बसलीय का, हे सोनोग्राफीशिवाय घरात कुणाला कळणार? आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं, नाहीतर फटका पुढच्या बाळाला बसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. तिथे गेल्यानं बाळंतपण कुठे करायचं याचा हक्क जात नाही.

ठरवून नव्हे, तर नाइलाजानं घरी किंवा शेतात बाळंत होणाऱ्या बायकाही या जिल्ह्यात आहेत. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोप्यांत पहाटे कळा सुरू होतात. त्यांच्यासाठी, आणि रिक्षातच बाळ येऊ घातलेल्या कुणासाठीही, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी १०८ ला फोन. बाळ आलं की कोरड्या कापडानं घासून पुसायचं आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना पांघरायचं. दहातल्या एखाद्या बाळाला पहिला श्वास घ्यायला मदत लागते, बऱ्याचदा या पुसण्यानंच काम होतं. निर्जंतुक ब्लेड नसेल तर नाळ कापायची घाई करायची नाही, गाडी येईपर्यंत ती तशीच राहू दे. तिला शेण, राख काहीही लावायचं नाही. वार ओढायची नाही. बाळाला लगेच छातीला लावायचं, कारण चोखण्यानं आईच्या शरीरातलंच ऑक्सिटोसिन सुटतं. लघवी करायला सांगायचं. वार पडल्यावर बेंबीखाली हात ठेवून बघायचं. घट्ट गोळा लागला तर ठीक, लोण्यासारखं मऊ लागलं तर घट्ट होईपर्यंत चोळत राहायचं. आणि सगळं छान झालं तरी दवाखान्यात जायचंच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. घरं तीच होती, आत एक शिकलेलं माणूस आलं होतं.

हे सगळं त्या मुलीला मी एका बैठकीत सांगितलं नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या. रक्ताचं ऐकून ती गप्प झाली, पण बहिणीची गोष्ट तिच्या मनातून हलली नव्हती. मग आम्ही दुसरीकडून सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय की बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, तिला हिंडू-फिरू द्यावं, उताणंच झोपण्याची सक्ती नको, आणि टाके-छेद सरसकट करू नयेत. केंद्र सरकारनंही २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत असू द्यायला परवानगी दिलीय. तिनं वही काढली. कळा सुरू झाल्यावर घरून किती वाजता निघायचं, रात्री गाडी कोणाची, रक्तगट जुळणारे दोघं कोण. मग दोन दवाखान्यांत जाऊन विचारायचे प्रश्न. पहिला तिनं स्वतःच लिहिला: आईला आत येऊ देता का?